जुनी पिकअप गरम का होते, धूर का सोडते आणि पार्ट बदलायच्या आधी काय बघायचं

आमच्या ओतूर-आळेफाटा भागात जवळपास प्रत्येक गाडीवाल्याच्या मोबाईलवर तो मेसेज येऊन गेलाय, दहा वर्षांच्या वरच्या डिझेल गाड्या आता भंगारात जाणार म्हणून. पहिली गोष्ट, तो दहा वर्षांचा नियम दिल्ली आणि तिच्या आजूबाजूच्या एनसीआर भागासाठीचा. आपल्याकडं मालवाहू गाडीचं ठरतं ते फिटनेसवर. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी पासिंगला न्यायची. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवीन एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसवायची. म्हणजे जुनी पिकअप चालवता येते, फक्त ती धड असली पाहिजे.

आणि धड ठेवण्यातच लोकांचे पैसे वाया जाताना मी बघतो, त्याचं वाईट वाटतं. आमच्या शेजारच्या एका टोमॅटोवाल्यानं सहा महिन्यांत दोन बॅटऱ्या बदलल्या, सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) खोलून भरून घेतला, तरी सकाळी गाडी उठेना. शेवटी दोष सापडला इंजिन आणि चॅसीच्या मधल्या अर्थिंगच्या पट्टीत, ती गंजून अर्धी तुटलेली होती. पार्ट खराब होता तो एक आणि बदलले तीन. हे होतं कारण गाडी चालते कशी हे आपल्याला कुणी नीट सांगितलेलंच नसतं. म्हणून बेसिकपासून सुरू करतो. माझ्या डोळ्यासमोर २५२३ सीसीच्या डीआय इंजिनची जुनी महिंद्रा पिकअप आहे, पण टाटा २०७ असो नाहीतर छोटा हत्ती असो, मूळ गोष्टी त्याच.

## डिझेल इंजिन पेटतं कसं

सायकलला पंपानं हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं, आठवतंय ना? हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनचं सगळं गणित एवढ्यावर उभं आहे. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी टाकायला स्पार्क प्लग असतो, डिझेलमध्ये तो नसतोच. पिस्टन वर येताना हवेला मूळ जागेच्या साधारण अठराव्या-विसाव्या हिश्श्यात कोंबतो, ती हवा पाचशे अंशांच्या पुढं तापते आणि बरोबर त्या क्षणाला इंजेक्टर डिझेलचा बारीक फवारा मारतो, तो आपोआप पेट घेतो. या दाबण्यालाच कॉम्प्रेशन म्हणतात.

म्हणजे इंजिनाला तीन गोष्टी लागतात: स्वच्छ हवा, हवेचा बुडबुडा नसलेलं डिझेल आणि कॉम्प्रेशन. आणि सुरुवातीला इंजिन जोरात फिरवायला बॅटरी-सेल्फ. गाडी उठत नाही किंवा नीट ओढत नाही त्याचं कारण बहुतेक या चारमध्येच बसतं, त्यामुळं गाडी अडली की "कुठला पार्ट गेला" असं विचारू नका, "या चारातलं काय कमी पडतंय" असं विचारा.

## सकाळी सेल्फ मारला आणि गाडी उठली नाही

इथं आधी दोन वाटा वेगळ्या करायच्या. सेल्फ फिरतच नाही ही एक आणि सेल्फ मस्त फिरतोय पण इंजिन उचलत नाही ही दुसरी. पहिलीत करंटचं काम आहे, दुसरीत बहुतेक वेळा डिझेलचं. दोन्ही एकत्र केल्या की बॅटरीवाला बॅटरी विकतो आणि पंपवाला डिझेलचा पंप खोलतो.

सेल्फ फिरत नसेल तर हेडलाईट लावा आणि मग चावी फिरवा. लाईट एकदम मरतो आणि नुसता किट किट आवाज येतो, तर करंट कमी पडतोय, म्हणजे बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी धरलीय. लाईट भगभगीत तसाच राहतो आणि सेल्फ गप्प, तर सेल्फकडं जाणारी वायर नाहीतर सेल्फच. व्होल्ट मोजायचा मीटर असेल तर अजून सोपं, रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतं, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली, आणि गाडी चालू केल्यावर १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर डायनामो बॅटरी भरत नाहीये, नवीन बॅटरी घालून ती पण आठ दिवसांत उतरेल. भुकटी असेल तर क्लिपा काढायच्या, निगेटिव्ह आधी, गरम पाणी ओतायचं, पॉलिश पेपरनं घासायचं, घट्ट आवळायचं आणि वरून थोडं पेट्रोलियम जेली लावायचं.

आणि तो अर्थिंगचा दोष पकडायचा असेल तर दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट द्यायची जाड वायर असते ना, तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनच्या लोखंडाला लावा, रंगाच्या जागी नाही, उघड्या लोखंडाला. आता सेल्फ खणखणीत फिरला तर पट्टी खराब. शेजाऱ्याच्या गाडीचं आम्ही असंच पकडलं, पाच मिनिटं लागली.

दुसरी वाट, सेल्फ फिरतोय पण इंजिन उचलत नाही. एका माणसाला सेल्फ मारायला लावा आणि तुम्ही मागं सायलेन्सरजवळ उभे राहा. धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल इंजिनपर्यंत पोचतच नाहीये. पांढरा धूर येतोय आणि डोळे चुरचुरतायत, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये, तेव्हा एकतर सेल्फ हळू फिरतोय, किंवा हीटर प्लग (थंड इंजिनात आतली हवा तापवणारे) असलेल्या गाडीत ते गेलेत, किंवा कॉम्प्रेशन उतरलंय. एवढ्या एका बघण्यानं निम्मं इंजिन यादीतून बाद होतं.

डिझेल पोचत नसेल तर चावी ऑन करताना पंपावर टक् असा बारीक आवाज येतो का ऐका, बऱ्याच जुन्या पंपांवर डिझेल सोडणारा-अडवणारा सोलेनॉइड असतो, आवाज नाही तर आधी फ्यूज आणि वायर बघायची. ते ठीक असेल तर बहुतेक वेळा लाईनमध्ये एअर धरलेली असते.

## "पण डिझेल तर कुठंच गळत नाही, मग एअर शिरते कुठून?"

हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. टाकीपासून पंपापर्यंतची लाईन डिझेल ओढत असते, ढकलत नसते. उसाच्या रसाच्या ग्लासातल्या स्ट्रॉला मधेच बारीक चीर असेल तर रस बाहेर सांडत नाही, तोंडात नुसती हवा येते, तसंच. म्हणून या बाजूची गळती कोरडी असते, बोटाला डिझेल लागत नाही. रात्री गाडी उभी केली की तिथून हवा शिरते, लाईनमधलं डिझेल टाकीकडं उतरतं आणि सकाळी पंधरा-वीस सेकंद सेल्फ मारावा लागतो, एकदा चालू झाली की दिवसभर तक्रार नाही. हे लक्षण दिसलं की पंप खोलायला देऊ नका. डिझेल फिल्टरच्या आधी थोडा पारदर्शक पाईप तात्पुरता जोडून बघा, बुडबुडे पळताना डोळ्यांनी दिसतात. मग तांब्याचे वॉशर, रबरी पाईपच्या क्लिपा, फिल्टरचं रबर एकेक बघत जायचं, साधारण यातच सापडतं. दुरुस्त झालं की फिल्टरवरचा एअरचा स्क्रू ढिला करून तिथलाच हँड पंप मारून एअर काढायची, स्क्रूतून फेस येतो तो थांबून सलग डिझेल यायला लागलं की स्क्रू आवळायचा.

इथं एक गोष्ट फार महत्त्वाची. हे झालं जुन्या साध्या पंपाचं. तुमची गाडी कॉमन रेलची असेल, म्हणजे एका जाड नळीत डिझेल प्रचंड दाबानं साठवून कॉम्प्युटर ते वाटतो अशी, तर चालू इंजिनवर इंजेक्टरचा पाईप कधीच ढिला करू नका. टायरमध्ये चार-साडेचार बार हवा असते, या नळीत हजार बारच्या वर दाब जातो. ती धार कातडी फोडून आत जाते, जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते पण तेवढ्यात हात जाऊ शकतो. लागलं तर ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं.

## धुराचा रंग

काळा धूर म्हणजे हवेच्या मानानं डिझेल जास्त. चूल फुंकली नाही की काजळी धरते तसं. आधी एअर फिल्टर बघा, आमच्या शेतरस्त्यांच्या मातीत तो पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या किलोमीटरला भरतो. मग टर्बो (हवा दाबून इंजिनात कोंबणारा पंखा) असेल तर त्याच्यापासून इंजिनकडं जाणारा रबरी होस फाटलाय का बघा, चढावर फुस्स आवाज आणि गाडीचा जोर कमी झाला तर तोच. इंजेक्टर त्यानंतर.

निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा झिजल्यात किंवा वॉल्व्हची सीलं किंवा टर्बोचं सील. यात घाई नको, आधी आठवडाभर तेल किती कमी होतंय ते मोजा. पांढरा धूर डोळ्यांना झोंबत असेल तर न जळालेलं डिझेल. झोंबत नाही, थोडा गोडसर वास आहे, इंजिन गरम झाल्यावरही थांबत नाही आणि कूलंट कमी होतंय, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं डोकं आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं सील. खात्री करायला थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून गाडी चालू करा, आत सतत बुडबुडे येत राहिले तर गॅस जातोय पाण्यात.

## एक बेल्ट, तीन कामं

माळशेज घाटात माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. कल्याणला माल उतरवून परत येत होतो, मागं पेंडीची पोती, मुरबाड सोडलं, घाट लागला आणि मीटरमध्ये बॅटरीचा लाल दिवा लागला. मला वाटलं चार्जिंग गेलंय, बॅटरी भरलेली आहे, घरापर्यंत जाईल. दीड-दोन किलोमीटरवर तापमानाचा काटा वर सरकायला लागला, एका वळणावर ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल लाकडासारखं कडक. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं तर बेल्टचा नुसता दोरा शिल्लक होता.

बऱ्याच जुन्या डिझेल पिकअपमध्ये तो एक पट्टा पाण्याचा पंप आणि त्याच्यावरचा पंखा फिरवतो, डायनामो पण फिरवतो, आणि डायनामोच्याच पाठीवर व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो जो ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे पेडल हलकं करणाऱ्या डब्याला, ओढ देतो. म्हणजे पट्टा तुटला की चार्जिंग, थंडावा आणि ब्रेकची ताकद, तिन्ही एकाच वेळी जातात. ब्रेक पूर्ण जात नाहीत, पण बूस्टरमध्ये साठलेली ओढ दोन-चार दाबांत संपते आणि मग दोन्ही पाय लावावे लागतात. मी चढत होतो म्हणून निभावलं, भरलेली गाडी घेऊन उतरत असतो तर काय झालं असतं या विचारानं आजही पोटात गोळा येतो. म्हणून लाल बॅटरीचा दिवा चालत्या गाडीत लागला तर तिथंच बाजूला घ्या आणि पट्टा बघा, पुढचं गाव नाही, पुढचा धाबा नाही.

पट्टा बघायचा कसा, तर इंजिन बंद असताना तो उलटा करून आतली बाजू बघायची, वरून चांगला दिसतो आणि आत भेगा असतात. दोन पुलींच्या मधे अंगठ्यानं दाबला की साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. सकाळी सुरू करताना किर्र आवाज येतोय म्हणजे ढिला आहे नाहीतर गुळगुळीत झालाय.

## गाडी गरम होते तेव्हा

रेडिएटरचं झाकण म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टी. पाणी १०० अंशाला उकळतं, पण कुकरमध्ये दाब असल्यामुळं जास्त अंशापर्यंत उकळत नाही, रेडिएटरमध्ये तेच होतं, चांगलं झाकण पाण्याला ११५ अंशांच्या पुढंपर्यंत धरून ठेवतं. झाकणाचं रबर कडक झालं की दाब राहत नाही, पाणी लवकर उकळतं आणि बाहेर पडतं. कितीतरी लोक रेडिएटर खोलून घेतात आणि हे झाकण जुनंच परत लावतात!

गरम झाकण उघडू नका हे सगळ्यांना माहिती असतं तरी दर उन्हाळ्यात कुणाचा तरी चेहरा भाजतो, कारण झाकण उघडताक्षणी दाब जातो आणि आतलं पाणी एकदम उकळून वाफेसकट उसळतं. किमान अर्धा तास थांबा. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. पट्टा शाबूत आणि पाणी आत असेल तर न्यूट्रलला दोन मिनिटं चालू ठेवली की पंखा ताप ओढून घेतो, पण पट्टा तुटलाय किंवा होस फुटलाय तर लगेच बंद. आणि काटा अचानक खाली आला म्हणून निर्धास्त होऊ नका, पाणी इतकं कमी झालं की सेन्सर पाण्याच्या बाहेर उघडा पडतो आणि मग तो भलतंच दाखवतो.

## "थर्मोस्टॅट काढून टाक, गरमच होणार नाही"

हा सल्ला रस्त्यावर फुकट मिळतो. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं दार, इंजिन ८० अंशांच्या आसपास तापेपर्यंत ते बंद राहतं आणि मग उघडतं. ते बंदच अडकून बसलं तर गाडी गरम होते हे खरं, पण उपाय नवीन बसवणं हा आहे. काढून टाकला तर इंजिन थंडच चालतं, डिझेल नीट जळत नाही, ॲव्हरेज पडतं, न जळालेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं आणि रिंगा झिजतात. तीन वर्षांनी निळा धूर दिसतो तेव्हा हा सल्ला कुणी दिला होता ते आठवत पण नाही.

बोअरच्या पाण्याचंही तसंच. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब आहे त्यांनी आतून बघा, क्षारांचा थर दिसेल. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कूलंट आणि बॅटरीचं पाणी (डिस्टिल्ड वॉटर) निम्मं निम्मं, एवढंच. रेडिएटरच्या जाळीत बाहेरून चाऱ्याचा भुसा आणि किडे अडकतात ते साध्या पाइपनं, इंजिनकडून पुढच्या बाजूला धुवायचे. वॉशिंगच्या जोरदार धारेनं जाळीच्या पात्या मुडपतात आणि हवा कायमची अडते.

## तेल काळं झालं म्हणजे खराब झालं?

नाही. डिझेलची काजळी पोटात घेणं हे तेलाचं कामच आहे, त्यामुळं बदलल्यावर थोड्याच दिवसांत ते काळं पडतं. किलोमीटर मोजून बदला, रंग बघून नको. बघायचं ते दुसरंच. सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी तेल मोजायची पट्टी काढा. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी. आणि तेलाची पातळी वाढली असेल तर ते लक्षण वाईट, आत डिझेल नाहीतर पाणी उतरतंय, अशी गाडी चालवू नका.

टर्बो असेल तर घाट चढून आल्या आल्या चावी बंद करायची नाही. तो मिनिटाला लाखाच्या घरात फेरे मारतो आणि त्याला थंड ठेवणारं तेल इंजिन चालू असेपर्यंतच येतं. एखादं मिनिट न्यूट्रलला राहू द्या.

## ब्रेक, घाट आणि जास्तीचा माल

ब्रेक ऑइल पाणी ओढून घेतं, पावसाळ्यात डब्यातलं मीठ ओलं होतं तसं. नवं डॉट-३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरलेलं १४० च्या आसपासच उकळू शकतं. घाटात ब्रेक तापले, ऑइल उकळलं, की त्यात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते त्यामुळं पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदला, पातळी बरोबर असली तरी बदला.

"न्यूट्रलमध्ये उतरलं की डिझेल वाचतं", हे ऐकलं की मला खरंच भीती वाटते. गिअरमध्ये ॲक्सिलेटरवरचा पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि पंप डिझेल बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं. म्हणजे वाचत तर नाहीच, वर सगळं ओझं ब्रेकवर. ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी तो घाट चढेल त्याच गिअरमध्ये उतरवायची.

आणि मागं स्प्रिंगला जादा पाटा टाकून घेतला म्हणजे गाडी जास्त माल झेपवते असं नाही. पाट्यानं गाडीची पाठ वाकत नाही एवढंच, ब्रेक, टायर, क्लच प्लेट आणि रेडिएटर तेच राहतात. मालासकट गाडीचं एकूण वजन जेवढ्या पटीनं वाढतं, ब्रेकला जवळपास त्याच हिशोबात जास्त ताप सोसायला लागतो. टायर घेताना बाजूला कोरलेले चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली असली तरी फार जुना टायर भरलेल्या गाडीला लावू नका.

## "एवढं करण्यापेक्षा नवीन का नाही घ्यायची?"

घ्या ना, हप्ता झेपत असेल तर. पण चॅसी गंजलेली नाही, कॉम्प्रेशन शाबूत आहे, आरसीवरचे नंबर चॅसीवर नीट वाचता येतात, अशा गाडीला फिल्टर, पट्टा, होस, कूलंट, ब्रेक ऑइल यांचा खर्च नव्या गाडीच्या हप्त्यापुढं खूपच कमी पडतो. चॅसीला मात्र जिथं पाट्यांचे हँगर बसतात तिथं हातोडीनं ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आवाज येऊन पापुद्रे पडायला लागले तर तिच्यावर पैसे घालू नका.

मिस्त्रीकडं जाताना "गाडी उचलत नाही" एवढंच सांगू नका. थंड असताना का गरम झाल्यावर, चढावर का सपाटीला, धूर कोणता, आधी काय बदललं होतं, हे सांगा, चांगला मिस्त्री निम्मं तिथंच ओळखतो. आणि नवीन पट्टा बसवलात तर उतरवलेला जुना तुटलेला नसेल तर फेकू नका, डायनामोच्या बोल्टाला लागणाऱ्या पान्यांबरोबर फडक्यात गुंडाळून सीटच्या मागं ठेवा. माळशेजमध्ये धुक्यात उभा होतो तेव्हा एका दूधवाल्याच्या सीटमागं असाच एक जुना पट्टा निघाला होता, त्याच्यावरच मी ओतूरपर्यंत आलो.